पंधरावी फेरी: अली–नॉर्टन, न्यूयॉर्क, १९७६

मुहम्मद अली म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच फोटो येतो. खाली उताणा पडलेला सोनी लिस्टन आणि त्याच्या उरावर उभं राहून ‘ऊठ’ म्हणून ओरडणारा अली. २५ मे १९६५, मेन राज्यातलं लुइस्टन हे छोटं गाव, पहिलीच फेरी. गंमत म्हणजे लिस्टन ज्या ठोशानं पडला तो ठोसा तिथं बसलेल्या बऱ्याच जणांना दिसलाच नाही. ‘भुताचा ठोसा’ अशीच त्याची ओळख आजतागायत आहे. म्हणजे अलीच्या कीर्तीचं सगळ्यात गाजलेलं चित्रच मुळात एका वादग्रस्त विजयाचं.

पण लिस्टन का पडला हे लिस्टनलाच ठाऊक, आणि तो १९७० सालीच गेला. त्या वादात तर्क फार आणि हाताला लागण्यासारखं कमी. मला ज्या लढतीबद्दल लिहायचंय तिथं सगळं उघड्यावर आहे. पूर्ण पंधरा फेऱ्यांचं चित्रीकरण आहे, पंचांचे आकडे आहेत आणि जिंकणाऱ्याची कबुलीसुद्धा आहे. २८ सप्टेंबर १९७६, यांकी स्टेडियम, अली विरुद्ध केन नॉर्टन, तिसरी आणि शेवटची गाठ, आणि पणाला अलीचं जगज्जेतेपद.

(आधीच सांगून ठेवतो: या लेखात ‘पंच’ म्हणजे निवाडा देणारा. मारतात तो ठोसा. बॉक्सिंगवर मराठीत लिहायचं तर एवढी सोय करून घ्यावी लागते.)

त्या रात्रीआधीचा हिशेब

नॉर्टन अमेरिकेच्या मरीन दलात असताना बॉक्सिंग शिकला. शरीर असं कमावलेलं की त्याला सिनेमातही कामं मिळाली. ३१ मार्च १९७३ ला सॅन डिएगोत तो अलीसमोर पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा त्याला कुणी मोजत नव्हतं. अलीही नाही. त्या रात्री अली एल्विस प्रेस्लीनं भेट दिलेला खड्यांनी चमचमणारा झगा घालून आला होता. बारा फेऱ्यांनंतर तो झगा पुन्हा अंगावर चढवताना अलीचा जबडा मोडलेला होता आणि निकाल नॉर्टनच्या बाजूनं लागला होता. जबडा नक्की कितव्या फेरीत मोडला यावर दोन्ही गोटांत पुढं कित्येक वर्षं जुंपली. अलीची माणसं म्हणायची, अगदी सुरुवातीला. म्हणजे बाकीच्या फेऱ्या मोडक्या जबड्यानं लढला, केवढा मर्द गडी. नॉर्टन म्हणायचा, शेवटी शेवटी. म्हणजे जबडा धड असतानाही मीच वरचढ होतो. एका हाडाच्या भेगेची वेळ कुठली धरायची यावर दोन माणसांची अब्रू ठरत होती.

सहा महिन्यांच्या आत, १० सप्टेंबरला, लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये परतफेड झाली. अली जिंकला, पण तीन पंचांत फूट पडून, अगदी थोडक्यात.

नॉर्टन अलीला का जड जायचा, यामागे एडी फच या प्रशिक्षकाचा मेंदू होता. अलीची सगळी इमारत डाव्या हाताच्या जॅबवर, म्हणजे सरळ, झटपट ठोशावर उभी. तो जॅब मारताना अली उजवा हात हनुवटीपाशी ठेवायचा नाही, भलतीकडेच असायचा. फचनं हे हेरलं आणि नॉर्टनला सांगितलं, त्यानं जॅब मारला की तूही त्याच क्षणी मार. शिवाय नॉर्टनची ढब विचित्र. हात छातीसमोर आडवे, मागचा पाय किंचित ओढत पुढं सरकायचं, आणि ठोसे भलत्याच कोनांतून. अलीची लय म्हणजे नाच. नॉर्टन त्या नाचात सारखा पाय घालायचा. हाच नॉर्टन नुसती ताकद असलेल्या माणसांपुढे मात्र ढेपाळायचा. जॉर्ज फोरमननं १९७४ साली कराकसला त्याला दुसऱ्याच फेरीत लोळवलं, आणि त्याच फोरमनला अलीनं त्याच वर्षी किन्शासात लोळवलं. त्यामुळे ‘अ नं ब ला हरवलं, ब नं क ला हरवलं, म्हणजे…’ हा हिशेब बॉक्सिंगमध्ये कधी जमत नाही, आणि अली–नॉर्टनच्या बाबतीत तर नाहीच.

१९७६ पर्यंत फच नॉर्टनच्या कोपऱ्यात (फेऱ्यांच्या मधे लढणारा बसतो आणि प्रशिक्षक सल्ला देतो तो रिंगचा कोपरा) राहिला नव्हता, तिथं बिल स्लेटन होता. अलीही आधीचा राहिला नव्हता. त्या एका वर्षात त्यानं फेब्रुवारीत कूपमन, एप्रिलमध्ये जिमी यंग, मेमध्ये डन असे तिघं उरकले होते. यंगविरुद्धचा निकाल अलीच्या बाजूनं गेला आणि लोकांनी नाकं मुरडली. यंग अडचणीत आला की चक्क दोरांच्या बाहेर डोकं काढायचा, नाहीतर तो निकाल आणखी अवघड झाला असता. मग जूनमध्ये टोकियोत जपानी पैलवान अँटोनियो इनोकीशी तो तमाशा. इनोकी पंधराही फेऱ्या बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा घालत राहिला. अलीचे पाय सुजून निकामी व्हायची वेळ आली होती. नाचणाऱ्याच्या पायांवर घाव, आणि तीन महिन्यांत नॉर्टन.

बडबड कुणासाठी?

अलीच्या तोंडाळपणाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, ती नुसती मौज होती, कविता होती. दुसरं, तो क्रूर होता. दोन्ही खरी आहेत, पण त्यातून ती बडबड काय काम करायची हे कळत नाही.

सुरुवात १९६१ ची, लास व्हेगासची. एकोणीस वर्षांच्या कॅशियस क्लेची (अलीचं तेव्हाचं नाव तेच) गॉर्जस जॉर्ज या कुस्तीगिराशी गाठ पडली. सोनेरी केस, झगा, अत्तर आणि तोंडाचा पट्टा. प्रतिस्पर्ध्याला आपण काय काय करू हे तो गावभर सांगत सुटायचा, आणि लोक सभागृह भरून त्याला शिव्या घालायला यायचे. क्लेच्या डोक्यात प्रकाश पडला: आपलं तोंड कुणीतरी बंद करावं म्हणूनसुद्धा लोक तिकीट काढतात. मग फेऱ्यांची भाकितं सुरू झाली, तीही यमकात. आर्ची मूरला चौथ्या फेरीत पाडीन म्हणाला आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये चौथ्याच फेरीत पाडला. पण चारच महिन्यांनी न्यूयॉर्कला डग जोन्सबाबत तेच भाकीत केलं आणि दहा फेऱ्या रखडला. निकाल मिळाला, पण प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, शेंगदाणे फेकले. यानं त्यातले उचलून खाल्ले.

या बडबडीची काळी बाजू जो फ्रेझरनं सोसली. सैन्यात जायला नकार दिल्यामुळे अलीवर बंदी आली, त्या काळात त्याला बॉक्सिंगचा परवाना परत मिळावा म्हणून फ्रेझरनं शब्द टाकला होता. त्याच फ्रेझरला अलीनं १९७१ साली ‘गोऱ्यांचा गुलाम’ ठरवलं आणि १९७५ साली मनिलातल्या लढतीच्या आधी ‘गोरिला’. रबरी गोरिला खिशात बाळगून पत्रकारांसमोर त्याला ठोसे मारायचा. फ्रेझरची पोरं शाळेत जात होती, हे त्याच्या गावीही नव्हतं. २००१ साली त्यानं वर्तमानपत्रातून माफी मागितली. फ्रेझरचा राग तरी पुरता गेला असं मला वाटत नाही, आणि त्यात फ्रेझरचं काय चुकलं?

नॉर्टनवर मात्र बोलण्याचा काही परिणाम झाला नाही. मरीन दलात आरडाओरडा ऐकायची सवय होते बहुधा. मग अली नॉर्टनसमोर इतकं का बोलत राहिला? इथं माझं म्हणणं असं, की तोपर्यंत ती बडबड प्रतिस्पर्ध्यासाठी उरलीच नव्हती. ती बघणाऱ्यांसाठी होती. ठोसा बसला की अली मान हलवून ‘छे, काही नाही’ असं लोकांना दाखवायचा. मधेच हात फिरवायचा, प्रेक्षकांकडे बघायचा, त्यांच्याकडून आपल्या नावाचा गजर करवून घ्यायचा. तुम्ही फितीवर बघा: नॉर्टनचा डावा हात अलीच्या बरगडीत बसतो, आणि आपली नजर बरगडीवर न राहता अलीच्या चेहऱ्यावर जाते. तो काय करतोय बघू! मार खाणारा माणूसच दृश्याचा नायक होऊन बसतो.

आठ–सात

त्या रात्री स्टेडियमबाहेर वेगळाच गोंधळ होता. न्यूयॉर्कच्या पोलिसांचं पगार आणि पाळ्यांवरून आंदोलन चाललं होतं. सुट्टीवरचे पोलीस घोषणा देत रस्ते अडवून उभे, आणि कामावरचे पोलीस बघत उभे. आत येणाऱ्यांचे खिसे कापले जात होते, हातातली तिकिटं हिसकावली जात होती. ऐनवेळी तिकीट काढून येणारे अनेक जण फिरकलेच नाहीत. तरी तीसेक हजार लोक आत होते. दोघांचीही वजनं शंभर किलोच्या आसपास.

आता गुणांची पद्धत नीट समजून घेणं भाग आहे, कारण सगळं पाणी तिथंच मुरतंय. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये रिंगमधला पंच आणि बाहेर बसलेले दोन पंच, असे तिघं निवाडा द्यायचे, आणि मोजायचे ते फेऱ्या. फेरी याची की त्याची, एवढंच. एखादी फेरी तुम्ही तीन मिनिटं झोडपून जिंका नाहीतर केसभरानं जिंका, तुमच्या खात्यात पडणार एकच. कुस्तीत निदान चितपट म्हणून एक खणखणीत निकाल असतो. इथं पंधरा वेळा छोटे छोटे कौल, आणि त्यांची बेरीज.

ही पद्धत अलीला पाठ होती. फेरीची शेवटची तीसेक सेकंदं उरली की तो अचानक जिवंत व्हायचा. भराभर ठोसे, त्यातले निम्मे हातमोज्यांवर गेले तरी चालतील, थोडा नाच, आणि घंटा. पंच पेन्सिल उचलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत ताजं चित्र कुणाचं? आधीची अडीच मिनिटं नॉर्टन पुढं पुढं सरकत पोटात ठोसे घालत होता, हे तोवर शिळं झालेलं असतं.

मी ही लढत दोनदा वहीत खुणा करत पाहिली आहे. पहिल्यांदा नेहमीसारखी, आवाजासकट: नॉर्टन ८, अली ७. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि हट्टानं अलीच्या चेहऱ्याकडे न बघता फक्त चार हातमोज्यांकडे बघत: नॉर्टन ९, अली ६. माझ्या वहीला काडीची किंमत नाही हे मला कळतं. पण मधल्या ज्या एका फेरीनं बाजू बदलली, ती पहिल्या वेळी मी अलीला का दिली होती ते आठवलं. शेवटच्या अर्ध्या मिनिटामुळे.

दोन्ही वेळा एक मात्र बदललं नाही. पंधरावी फेरी मी अलीलाच दिली.

कोपऱ्यातला सल्ला

चौदा फेऱ्या संपल्या तेव्हा बाहेर बसलेल्या दोन्ही पंचांच्या, हॅरल्ड लेडरमन आणि बार्नी स्मिथ यांच्या, कागदावर सात–सात होतं. हे अर्थात तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नॉर्टनच्या कोपऱ्यानं गृहीत धरलं की आपण बरेच पुढं आहोत. जपून खेळ, धोका पत्करू नकोस, असा सल्ला मिळाला. नॉर्टननं तो ऐकला. जो माणूस चौदा फेऱ्या पुढं सरकत होता तो पंधरावीत थबकून थबकून खेळला. अलीनं दमलेल्या पायांवर उरलंसुरलं सगळं काढलं, जॅब टाकत राहिला. शेवटी शेवटी नॉर्टन तुटून पडला, पण तोवर उशीर झाला होता.

घंटा वाजल्यावरचं दृश्य मला सगळ्यात बोलकं वाटतं. नॉर्टन अलीकडे बघून ओरडतोय, आपणच जिंकलो या खात्रीनं. आणि अली, आयुष्यभर ज्याचं तोंड बंद झालं नाही तो अली, मान फिरवून गुपचूप आपल्या कोपऱ्यात जातोय.

निकाल: लेडरमन ८–७, स्मिथ ८–७, रिंगमधला पंच आर्थर मर्कांटे ८–६ आणि एक फेरी बरोबरीत. तिन्ही अली. शेवटची फेरी दोन्ही पंचांनी अलीला दिली होती. त्या दोघांनी ती नॉर्टनला दिली असती तर जगज्जेता बदलला असता. नॉर्टन रडत रिंगमधून बाहेर पडला.

म्हणून ‘पंधराव्या फेरीत नॉर्टनला लुटलं’ हे म्हणणं मला पटत नाही. ती फेरी त्यानं स्वतःच्या हातानं दिली. खरा वाद पहिल्या चौदांचा आहे. तिथं सात–सात कसं काय झालं? ‘जगज्जेत्याचा मुकुट काढून घ्यायचा तर निर्विवाद हरवावं लागतं’ ही बॉक्सिंगमधली जुनी समजूत. नियमांच्या पुस्तकात ती कुठंही लिहिलेली नाही, पण बहुतेकांच्या डोक्यात असते. आणि इथं नुसता जगज्जेता नव्हता, अली होता. काठावरची फेरी आली की पेन्सिल कुठं झुकणार?

अलीच्या बाजूनंही एक वजनदार मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. नॉर्टनचे पोटावरचे बरेच ठोसे दिसायला जोरकस होते, पण अलीच्या कोपरांवर, दंडांवर जाऊन आदळत होते. पुढं सरकणं म्हणजे फेरी जिंकणं नव्हे. रिंगला लागून बसलेल्या पंचाला हे आपल्यापेक्षा चांगलं दिसतं; आपल्याला कॅमेरा दाखवील तेवढंच. लेडरमन पुढं अमेरिकन टीव्हीवर गुण समजावून सांगणारा घराघरांतला चेहरा झाला, म्हणजे माणूस काही ऐरागैरा नव्हता. त्या तिघांत कुणी विकलं गेलं होतं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला आधारही नाही. माझं म्हणणं त्याहून साधं आहे आणि म्हणूनच जास्त त्रासदायक. प्रामाणिक माणसाची नजरसुद्धा ओढता येते, आणि अलीनं पंधरा वर्षं फक्त तेवढंच शिकून घेतलं होतं.

कोपऱ्यातल्या सल्ल्याचा एक जोड पुरावा बरोबर एका वर्षानं मिळाला. २९ सप्टेंबर १९७७, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, अली विरुद्ध अर्नी शेव्हर्स. त्या रात्री टीव्हीवर प्रत्येक फेरीनंतर पंचांचे खरे गुण दाखवले जाणार होते. अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी यानं कपडे बदलायच्या खोलीत आपला एक माणूस टीव्हीसमोर बसवला, आणि त्याच्या खुणा रिंगपर्यंत येत राहिल्या. आपण पुढं आहोत हे अलीच्या कोपऱ्याला ठाऊक, शेव्हर्सच्या कोपऱ्याला पत्ता नाही. याला लबाडी म्हणायचं की हुशारी? जे टीव्हीवर सगळ्या देशाला दिसतंय ते बघायला मनाई कुठं होती! पण नॉर्टनच्या कोपऱ्याचा अंदाज आणि डंडीची माहिती, यांतला फरक केवढा.

त्यानंतर

लढतीनंतर तीनच दिवसांनी, १ ऑक्टोबरला, अलीनं इस्तंबूलमध्ये निवृत्ती जाहीर केली. ती टिकली नाही, पुढच्या मेमध्ये तो परत रिंगमध्ये होता. पण त्या शरद ऋतूत तो एका मुलाखतीत बोलून गेला ते महत्त्वाचं: यांकी स्टेडियमवर नॉर्टननं मला हरवलं असं मला मनापासून वाटलं होतं, पंचांनी निकाल मला दिला, मी त्यांचा आभारी आहे. आणि हेही, की त्याची शैली मला झेपत नाही, पुन्हा त्याच्याशी लढायचं नाही. तो खरंच पुन्हा लढला नाही.

त्या एका फेरीवर किती काय टांगलेलं होतं बघा. अलीची कारकीर्द नोंदली गेली ती ५६ विजय, ५ पराभव अशी. नॉर्टन जिंकता तर १९७८ चा लिऑन स्पिंक्सकडून झालेला धक्कादायक पराभव आणि सप्टेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सला केलेली परतफेड, हे दोन्ही बहुधा घडलं नसतं. म्हणजे ‘तीनदा जगज्जेता झालेला पहिला हेवीवेट’ हे बिरुदही नाही. दुसरीकडे, निवृत्ती कदाचित टिकली असती. शेव्हर्सचे आणि १९८० मध्ये लॅरी होम्सचे ते भयंकर ठोसे डोक्यात बसले नसते. अलीला तो निकाल लाभला की बाधला, हे ठरवायला मी धजणार नाही.

नॉर्टनचं नशीब तर विचित्रच. १९७८ साली स्पिंक्सनं त्याच्याशी लढायचं सोडून अलीशी फेरसामना धरला, म्हणून वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनं स्पिंक्सचा मुकुट काढून कागदोपत्री नॉर्टनला दिला. जूनमध्ये तो होम्सविरुद्ध रिंगमध्ये उतरला. चौदा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे बरोबरी. पुन्हा पंधरावी! या वेळी तो थांबला नाही, जीव तोडून लढला. ती फेरी आजही हेवीवेट इतिहासातल्या सर्वोत्तम फेऱ्यांत धरतात. दोन पंचांनी होम्सला दिलं, एका गुणानं. जगज्जेतेपदाची एकही लढत रिंगमध्ये न जिंकलेला जगज्जेता अशी नॉर्टनची नोंद राहिली.

अलीशी तीन लढती, एकूण ३९ फेऱ्या. त्यात एकदाही दोघांपैकी कुणी खाली पडलं नाही.

१९८६ साली नॉर्टनला मोटारीचा भीषण अपघात झाला. बराच काळ धड बोलताही येत नव्हतं. तो पुढं सांगायचा, दवाखान्यात डोळे उघडले तर खाटेशी अली उभा, आणि जादूचे प्रयोग करून दाखवतोय. रुमाल गायब केला, मग जमिनीवरून अधांतरी उचलला गेला. हा अधांतरी व्हायचा खेळ अली जगभर करायचा. बघणाऱ्याकडे तिरकी पाठ करायची, एका पायाच्या चवड्यावर उठायचं आणि दुसरं पाऊल सपाट वर दिसेल असं धरायचं. तो चवडा दुसऱ्या पावलाआड झाकला जातो, आणि माणूस बोटभर वर तरंगल्यासारखा वाटतो.

प्रयोग संपला की तो कसा केला हे अली समोरच्याला समजावून सांगायचा. लोकांना फसवणं आपल्या धर्मात बसत नाही, म्हणायचा.